दुसऱ्या बाजूचा डाव

कॉलेजच्या टीममध्ये मी फर्स्ट डाऊन जायचो. म्हणजे पहिली विकेट पडली की पॅड बांधलेला मी आत. त्यामुळे ‘फर्स्ट डाऊन’चा अर्थ मला कुणी शिकवायची गरज नाही, अशी माझी पक्की समजूत होती. आणि घोडं तिथंच पेंड खात होतं.

लॉकडाऊनचं पहिलं वर्ष होतं. इथं परदेशात, टार्निट या उपनगरातल्या आमच्या घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जायची बंदी, ऑफिस डायनिंग टेबलावर, आणि क्रिकेटचा पत्ता नाही. सोमवारी सकाळी, म्हणजे अमेरिकेत अजून रविवार असताना, टीव्हीवर लाइव्ह म्हणावा असा एकच खेळ दिसायचा, तो म्हणजे अमेरिकन फुटबॉल. लॅपटॉपवर मीटिंग आवाज बंद करून आणि टीव्हीवर मॅच आवाज चालू ठेवून मी तो बघायला लागलो. स्टेडियम रिकामं आणि प्रेक्षकांचा आरडाओरडा मात्र कानठळ्या बसवणारा. तो रेकॉर्ड केलेला आवाज वरून सोडतात हे कळल्यावर मला आठवडाभर राग आला होता. माणसं नाहीत तर नाहीत, शांतपणे खेळा ना. खोटं खोटं ओरडायचं काय नडलंय?

तर त्या मॅचमध्ये कॉमेंटेटर ‘फर्स्ट डाऊन’ म्हणाला की ती खोटी माणसं जल्लोष करायची. मी अर्थ लावला, पहिली विकेट पडली. मग सेकंड डाऊन, थर्ड डाऊन, फोर्थ डाऊन, म्हणजे डाव गडगडला. चौथ्यानंतर एक किडकिडीत माणूस यायचा आणि बॉलला लाथ मारून तो लांब भिरकावून द्यायचा. हा शेपटाकडचा बॅट्समन, येईल तो बॉल हाणणारा. इतका चपखल बसला माझा सिद्धांत की शेजारच्या ट्रुगानिनात राहणाऱ्या माझ्या मित्राला मी तो तीन आठवडे फोनवरून शिकवला. आम्ही दोघं शिकायला आलो तेव्हा, बायको यायच्या आधी, क्लेटनला युनिव्हर्सिटीजवळ एका घरात राहायचो. तिथं भात किती शिट्ट्यांचा हेही त्याला मीच शिकवलं होतं, त्यामुळे त्याचा माझ्यावर विश्वास होता.

माझी बायको एके दिवशी चहाचा कप घेऊन सोफ्यावर टेकली, दहा मिनिटं बघत राहिली आणि म्हणाली की यांना चार चान्समध्ये दहा यार्ड पुढे जायचंय, तेवढं गेले की पुन्हा नवे चार चान्स मिळतात. फर्स्ट डाऊन म्हणजे विकेट नाही, उलट बक्षीस. म्हणून ते ओरडतायत. मी ‘छे’ म्हणालो, फोनवर शोधलं, आणि मित्राला फोन लावून कबूल केलं. मित्राने नंतर महिनाभर माझा फोन ‘बोला, अंपायरसाहेब’ असं म्हणून उचलला.

बायको अशीच आहे. तिला नियम चटकन कळतात, आणि कळले तरी ती त्यावर बोलत बसत नाही. बोलायचं काम माझ्याकडे. त्या खेळाबद्दल मला मतं नाहीत असा विषय उरला नाही. जाहिराती फार. मैदानावरची ती दहा यार्डांची पिवळी रेघ खरी नसून टीव्हीवाल्यांनी काढलेली असते, ही तर शुद्ध फसवणूक. कुणी नियम मोडला की पंचांनी खिशातून पिवळा रुमाल काढून फेकायचा ही पद्धत मात्र एकदम आवडली. आमची मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. तिने लगेच एक पिवळा हातरुमाल ताब्यात घेतला आणि मी आवाज चढवला की ती तो माझ्या पायाशी फेकायची. “Flag on Baba,” असं ठणकावून सांगायची. दिवसाला चार-पाच रुमाल तर पडायचेच.

आता बायकोबद्दल थोडं सांगायला हवं. ती डेंटिस्ट आहे. पुण्यात चांगली प्रॅक्टिस करत होती. पण इथं परदेशातल्या डिग्रीवर दातांना हात लावता येत नाही. आधी लेखी परीक्षा, मग प्लास्टिकच्या दातांवर प्रॅक्टिकल, आणि मग रजिस्ट्रेशन. लग्न झालं त्या वर्षीच आमचं ठरलं होतं की दोघांनीही इथं येऊन नव्याने शिकायचं, पण एका वेळी एकाने, दुसऱ्याने तोवर घर चालवायचं. आधी कुणी? तिच्या माहेरच्या गच्चीवर आम्ही हसत हसत नाणं उडवलं. छापा पडला, मी जिंकलो. मी म्हणालो होतो, “माझं झालं की तुझा डाव.”

माझं मास्टर्स झालं. मग नोकरी लागली, मग पीआर, म्हणजे कायमचं राहायची परवानगी, मग मुलगी, मग टार्निटचं घर, मग माझं प्रमोशन. हे एवढं झालं की तुझा डाव, असं मी प्रत्येक वेळी म्हणालो आणि प्रत्येक वेळी अगदी मनापासून म्हणालो. तोवर ती एका क्लिनिकमध्ये असिस्टंट म्हणून काम करत होती. तिच्याहून आठ-दहा वर्षांनी लहान डेंटिस्ट खुर्चीशेजारी बसायचे, मान वर न करता ‘सक्शन’ म्हणायचे, आणि पेशंटच्या तोंडातली थुंकी ओढून घ्यायची नळी ही धरायची. कधी घरी येऊन हसत सांगायची की आज दिवसभर मला एकच शब्द ऐकू आला. मीही हसायचो. आता लाज वाटते.

लेखी परीक्षा तिने मुलगी लहान असतानाच काढली होती. मुलीला पायावर झोपवून मांडीवर पुस्तक. पण त्या निकालाला मुदत असते. त्या मुदतीत प्रॅक्टिकल पास झालं नाही, तर सगळं पहिल्यापासून. कोरोनामुळे प्रॅक्टिकल एकदा पुढे गेलं, पुन्हा एकदा पुढे गेलं. शेवटी मार्चमधली तारीख आली. मुदत संपायच्या आतली ती शेवटची तारीख होती.

लॉकडाऊनच्या दुसऱ्या वर्षाच्या डिसेंबरात तिने मला विचारलं, की फेब्रुवारीपासून तू थोडी रजा घेशील का? गॅरेजमध्ये तिने टेबलावर प्लास्टिकची कवळी बसवलेलं सरावाचं एक नकली डोकं स्क्रूने आवळून ठेवलं होतं. दिवसभर क्लिनिक, मग मुलगी, मग स्वयंपाक, आणि मग ती तिथं जाऊन दात कोरायची. तोवर हात थकलेला असायचा, आणि या परीक्षेत सगळा खेळ हाताचा. मी म्हणालो, बघू, ऑफिसात सॉफ्टवेअरचं रिलीज आहे. खरं तर एका दिवसाची रजा मी आधीच टाकून ठेवली होती. फेब्रुवारीतल्या सोमवारी, अमेरिकेतली फायनल बघायला.

मग जानेवारीतला तो सोमवार आला. इथं जानेवारी म्हणजे भर उन्हाळा. शाळेला सुट्टी, बाहेर ऊन मी म्हणत होतं, दुकानांत कोरोनाचे टेस्ट किट मिळत नव्हते. क्लिनिकमध्ये कुणीतरी पॉझिटिव्ह निघाल्यामुळे बायको घरी होती आणि ती संधी साधून सकाळपासून गॅरेजमध्ये बसली होती. मी टीव्हीसमोर. नॉकआउट मॅच होती आणि काय मॅच होती म्हणून सांगू. दोन्ही टीम एकमेकींना सोडायला तयार नाहीत. शेवटी बरोबरी झाली आणि ओव्हरटाइम आला.

तेव्हाचा नियम असा होता. टॉस करायचा. जो जिंकेल त्याला आधी बॉल. त्याने बॉल पार दुसऱ्या टोकाला नेऊन टचडाऊन केला की मॅच तिथंच संपली. दुसऱ्याला बॉल मिळणारच नाही. आणि अगदी तसंच झालं. टॉस जिंकलेल्यांनी सरळ जाऊन टचडाऊन केला, आणि समोरच्या टीमचा बॉल फेकणारा मुख्य खेळाडू, मॅचभर जीव तोडून खेळलेला, हेल्मेट हातात धरून बाकावर बसून राहिला. ओव्हरटाइममध्ये त्याला एकदाही आत जाता आलं नाही.

माझं डोकंच फिरलं. मित्राला फोन लावला. तो म्हणाला, डिफेन्स कशाला असतो? अडवायचं होतं त्यांनी. मी म्हणालो, अरे, आपल्या कॉलनीतली शेंबडी पोरंसुद्धा समोरच्याला डाव दिल्याशिवाय घरी जात नव्हती. बॅटिंग करून पळून जाणाऱ्याला आपण महिनाभर खेळायला घेत नव्हतो. हा रडीचा डाव आहे. तो म्हणाला, नियम म्हणजे नियम, अंपायरसाहेब. मी फोन ठेवला. मुलगी येऊन रुमाल फेकून गेली.

तरी चैन पडेना. लॅपटॉप उघडला आणि त्या खेळाच्या चाहत्यांच्या एका साइटवर लांबलचक निषेध लिहायला घेतला. पोटतिडकीने लिहिला. तेवढ्यात बायको पाणी प्यायला आत आली. कपाळावर भिंगाचा चष्मा, गळ्यात लोंबणारा मास्क, मनगटावर प्लास्टिकच्या दातांचा पांढरा भुगा. मी तिला थांबवलं. म्हटलं, जरा ऐक, इंग्रजी बरं वाटतंय का सांग. आणि वाचून दाखवलं. दोन्ही बाजूंना एकेकदा बॉल मिळालाच पाहिजे. टॉस जिंकणं हे काही कर्तृत्व नव्हे. ज्याला संधीच दिली नाही तो हरला असं तुम्ही म्हणूच कसं शकता?

तिने सगळं नीट ऐकलं. ग्लास सिंकमध्ये ठेवला.

“छान लिहिलंयस,” ती म्हणाली. “आपला टॉस कोण जिंकलं होतं, आठवतंय?”

तिचा आवाज चढला नव्हता. टोमणा असता तर मी भांडलो असतो, भांडणात मी कुणाला हार जात नाही. पण ती खरंच विचारत होती, जणू मी विसरलो असेन अशी तिला शंका होती. उत्तराची वाट न बघता ती गॅरेजमध्ये गेली आणि ड्रिलचा आवाज पुन्हा सुरू झाला.

मी लॅपटॉपकडे वळलो. पडद्यावर मी लिहिलेलं होतं आणि त्यातलं एकूण एक वाक्य माझ्याकडे बघत होतं. एवढा ओशाळलो मी आयुष्यात कधी नव्हतो. मग ते सगळं पुसून टाकलं आणि मॅनेजरला फोन केला. दोन वर्षं भारतात जाता आलं नव्हतं, त्यामुळे रजा ढिगाने साठली होती. मी म्हणालो, बायकोची परीक्षा आहे, फेब्रुवारीपासून सहा आठवडे हवेत. तो म्हणाला, “No worries, mate.” बस, एवढंच. रिलीजचं नावसुद्धा त्याने काढलं नाही. मी डिसेंबरपासून ज्या भिंतीचा हवाला देत होतो, ती तिथं नव्हतीच.

ते सहा आठवडे मला फार आवडले, हेही सांगून टाकतो. तिने क्लिनिकमधून बिनपगारी सुट्टी घेतली. सकाळी हात ताजा असताना ती गॅरेजमध्ये, आणि डबा, शाळा, कपडे, स्वयंपाक माझ्याकडे. माझ्या पोळ्यांना मुलगी ‘maps’ म्हणायची, पण खायची. फायनलच्या सोमवारी मी टीव्ही लावलाच नाही. दुपारी बायको स्वतःच बाहेर आली, स्कोअर काय म्हणाली, मला माहीत नाही म्हटल्यावर तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. मग आम्ही तिघांनी शेवटचा अर्धा तास एकत्र बघितला. शेवटी जिंकलं कोण ते आज मला आठवत नाही, बायकोच्या मांडीवर टेकवलेलं माझं डोकं आठवतंय.

मार्चमध्ये परीक्षेला मी तिला गाडीने सोडलं. त्याच महिन्यात त्या लीगने नॉकआउट मॅचचा नियम बदलला. आता दोन्ही टीमना बॉल मिळणार. मी बातमी सांगितली तेव्हा ती म्हणाली, बघ, त्यांनाही जमलं.

ती पास झाली. रजिस्ट्रेशनची कागदपत्रं होता होता इथली जून-जुलैची थंडी आली, आणि बॅलरटच्या रस्त्यावरच्या एका लहानशा गावातल्या क्लिनिकमध्ये तिला नोकरी लागली. घरापासून पाऊण तास. मी ऑफिसला सांगून आठवड्याचे चार दिवस केले. शाळेची ने-आण आता माझी. सोमवारच्या मॅच मी मुलीला शाळेत सोडून आल्यावर, तुकड्यातुकड्यांत बघतो. मतं तेवढीच आहेत.

मग माझी एक दाढ दुखायला लागली. मित्र म्हणाला, फुकटची डॉक्टर घरात आहे. मी रीतसर अपॉइंटमेंट घेऊन गेलो. खुर्चीत आडवा झालो. बायकोने दिवा ओढून घेतला, मास्क लावला, तोच भिंगाचा चष्मा डोळ्यांवर उतरवला आणि म्हणाली, “आ कर. आणि आता बोलायचं नाही.” तिच्या शेजारी एक तरुण मुलगी उभी होती, असिस्टंट. ड्रिल सुरू झालं. गॅरेजमधून महिनोन् महिने ऐकलेला तोच आवाज.

मग बायकोने ड्रिल थांबवलं, मान वर केली, त्या मुलीच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाली, “सक्शन, प्लीज.”

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. तिने हात मागे घेतला. दुखतंय का, तिने विचारलं. तोंडात ती नळी, काय बोलणार? मी नुसती मान हलवली, नाही.