थम कोण म्हणणार?

संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली होती त्या वर्षांत मी गिरगावातल्या एका कॉलेजात कॅडेट होते, मुलींच्या तुकडीची सार्जंट. तेव्हाच्या गोष्टी निघाल्या की चहाची दुसरी खेप होते, आणि दर वेळी माझं डोकं नव्यानं फिरतं!

युनिफॉर्म शिवायला ठाकुरद्वारला गेले. शिंपी मापं घेता घेता म्हणाला, "ताई, नाटकात पार्ट कसला?" सार्जंटचा, म्हटलं. तर म्हणे, "म्हणजे मिशा लावणार!"

एकदा मिलिटरीतले एक मेजर इन्स्पेक्शनला आले. मुलांचा सार्जंट बापट, त्याला त्यांनी रायफल खोलून जोडायला लावली. आता आपली पाळी म्हणून मी ताठ उभी. मला विचारलं, "घरी स्वयंपाकात मदत करतेस ना?" अहो, बापट्याच्या आधी रायफल जोडायचे मी! पण विचारतंय कोण.

लालबागची माझी आत्या मोर्च्याला जायची. तिथे मात्र पुढारी सांगायचे, बायका पुढे. आत्या भडकायची. "लाठ्या खायला आम्ही पुढे, आणि हुकूम सोडताना मेल्यांना बायका दिसत नाहीत."

सव्वीस जानेवारीच्या परेडची कमांड मला हवी होती. त्यासाठी गच्चीवर ओरडून ओरडून घसा बसवला होता. आम्हाला कवायत शिकवणारे सर म्हणाले, "मुलं बाईच्या हुकमात राहायची नाहीत गं." कमांड बापट्याला!

रंगीत तालमीला बापट्यानं "तेज चल" म्हटलं आणि "थम" म्हणायचंच विसरला. हुकूम मिळेपर्यंत थांबायचं नाही हा नियम, त्यामुळे सगळी मुलं सरळ पाहुण्यांच्या मंडपाकडे निघाली. मी कडेला बसले होते. राहवेना. उठून ओरडले, "परेड, थम!" अख्खी परेड जागच्या जागी थांबली.

मला वाटलं, आता तरी मिळेल. सर आले, त्यांनी शाबासकी दिली. "छान. उद्या कमांड बापटच देईल. तू इथंच कडेला उभी राहा. तो विसरलाच, तर थांबव."

दुसऱ्या दिवशी मंडप भरलेला, पहिल्या रांगेत तेच मेजर. बापट्या पुन्हा विसरला. मुलं निघाली मंडपाकडे. सर मला खुणावताहेत, मग नावानं हाका मारायला लागले. मी कडेला सावधानमध्ये, नजर समोर. सावधानमध्ये तोंड उघडायचं नसतं, हे सरांनीच शिकवलं होतं.