खिळ्यांच्या टायरला खोबरेल

कराडहून मुंबईच्या विमानतळाकडे निघालेल्या भाड्याच्या जीपमध्ये आण्णा ड्रायव्हरशेजारी बसले होते आणि रस्ताभर त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. वळण आलं की दाबला, पुढं ट्रक दिसला की दाबला. मागच्या सीटवर दोन बॅगांच्या मध्ये अडकून बसलेली मी तो पाय बघत होते. आण्णा माझे वडील, जन्मभर एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर, आणि त्यातली बरीचशी वर्षं कुंभार्ली घाटात काढलेली. अशा माणसाला दुसऱ्याच्या हातात स्टिअरिंग बघवत नाही, असं मी तेव्हा समजत होते.

विमानतळावर आईने खोबरेलाची मोठी बाटली पिशवीत पिशवी घालून माझ्या बॅगेत कोंबली. "तिकडं थंडीनं कातडं फुटतं म्हणतात. लावत जा." आण्णांनी दोनच गोष्टी सांगितल्या. पहिली, "पोचलीस की फोन कर, कितीही वाजू देत." दुसरी त्यांच्या धंद्यातली. "तिकडं गाडी चालवशील. चाक सुटायला लागलं तर ब्रेकवर उभी राहू नकोस. जिकडं जायचंय तिकडं बघ." मी मेकॅनिकल इंजिनिअर, नोकरी जर्मनीत मोटारींच्या कारखान्यात लागलेली. मला गाडी शिकवतायत, असं मनात म्हणत मी मान डोलावली आणि आत गेले.

दोन हजारच्या दशकातली ही गोष्ट. घरी फोन करायचा म्हणजे एशियन दुकानातून कार्ड आणायचं, नखानं खरवडायचं, भलामोठा नंबर दाबायचा. माझ्यासारखे जे तेव्हा निघाले त्यांना ते आठवत असेल. जे मागे राहिले त्यांना मात्र आम्ही त्या फोनवर काय काय सांगत नव्हतो हे ठाऊक नाही. ते आज सांगते.

मी मुळात भित्री. लग्न होऊन मंदारबरोबर वोल्फ्सबुर्गमध्ये संसार मांडला, त्याची नोकरी लांब येना नावाच्या शहरात, तो शुक्रवारी यायचा. गाव शांत, रुंद रस्त्यांचं, गाडी नसेल तर पांगळं करून ठेवणारं. पहिल्या हिवाळ्यात सकाळी कामाला जाताना ग्लाटआइसवर माझी गाडी सुटली. हा बर्फ दिसत नाही, रस्ता नुसता ओला वाटतो. मी ब्रेकवर उभी राहिले. गाडी भिंगरीसारखी फिरली आणि शेजारच्या शेतात, आल्या दिशेला तोंड करून थांबली. कुणालाही लागलं नाही. पण गाडी फिरत असताना मी स्टिअरिंग सोडून दोन्ही हातांनी कान झाकले होते, हे मला नंतर कळलं आणि त्याचीच मला जास्त भीती बसली. त्यानंतर नोव्हेंबर ते मार्च मी गाडीला हात लावेनाशी झाले. बसची वाट बघत उभी राहायचे आणि गोठलेला रस्ता चमकताना दिसला की दोन पावलं मागे सरायचे.

माझी नोकरी मुदतीची होती. पुढच्या फेब्रुवारीत कायमच्या करारावर सही करायची होती, आणि कायमचं काम गावाबाहेरच्या चाचणी मैदानावर होतं, जिथं बस जात नाही. म्हणजे एक तर हिवाळ्यात गाडी चालवायची, नाही तर गाशा गुंडाळून परत जायचं. मंदार म्हणायचा, तू ठरव. मी मनातल्या मनात बॅगा भरतही होते.

माझ्या भीतीचा वास सगळ्यात आधी हाइकेला लागला. हाइके माझ्याच विभागात, माझ्याच टेबलासमोर बसणारी इंजिनिअर. उंच, कमी बोलणारी. आपल्याकडे गणपतीचं मंडळ असतं तसं तिचं बर्फावरच्या हौशी शर्यतींचं मंडळ होतं, इथल्या भाषेत फेराइन. दर जानेवारीत ही मंडळी दक्षिणेकडच्या बायर्न प्रांतात डोंगरापायथ्याशी एका कुरणात पाणी सोडून ते गोठवायची आणि त्यावर जुन्या गाड्या पळवायची. मी ऐकूनच खुर्ची मागे सरकवली. ती म्हणाली, "गाडी नको चालवूस. टायरला खिळे तर बसवशील? गणित तुला येतं."

गणित मला येत होतं, टायर येत नव्हते. मी म्हटलं, रुंद टायर घेऊ, पकड जास्त. ती म्हणाली, अरुंद. गाडीचं वजन थोड्या खिळ्यांवर आलं तर प्रत्येक खिळा बर्फात खोल रुततो. मी कागदावर मांडून पाहिलं, तिचंच खरं निघालं. मग लांबीचा प्रश्न आला. खिळा आखूड असला तर नुसता खरवडतो, लांब असला तर चावतो खरा, पण रबर फाडून निसटतो. आम्ही मधले निवडले. खिळे एका रेघेत ठेवायचे नाहीत, नाही तर पहिल्याने पाडलेल्या चरीतून मागचे नुसते घरंगळत जातात. प्रत्येकाची जागा मी खडूने आखली. भोकात चिकटद्रव्य, मग खिळा पिळून बसवायचा आणि टायर हलवायचा नाही, पूर्ण सुकेपर्यंत. थंडीत ते धरत नाही, म्हणून हे काम ऑक्टोबरमध्येच, आमच्या इमारतीच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात. खिळ्यांचे टायर रस्त्यावर चालवायला जर्मनीत बंदी. त्यामुळे गाडी ट्रेलरवर चढवून न्यायची आणि टायर तिथंच बदलायचे. हे सगळं करताना मला भीती वाटत नव्हती. टायर उभा नव्हता ना, आडवा होता.

त्याच ऑक्टोबरात आई-आण्णा तीन महिन्यांच्या व्हिसावर आले. आमचे तीन टायर आधीच सुकले होते, चौथा मी खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी संपवला. सकाळी मी कामावर गेले. संध्याकाळी आले तर आईने घरातल्या शस्त्रांची पूजा मांडलेली. सुऱ्या, कात्री, मंदारचे पाने आणि स्क्रू ड्रायव्हर. आणि खाली केलरमध्ये चारही टायरांवर हळदकुंकू, झेंडूच्या जागी कुठलीशी पिवळी फुलं. मला भरून आलं. डेपोत आण्णांच्या गाडीची अशीच पूजा व्हायची. हाइके बघायला आली तेव्हा ती कुंकवाच्या टिकल्यांकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "पुसू नकोस."

जानेवारीत आम्ही सगळेच गेलो. आण्णांनी हट्टच धरला, आणि आई म्हणाली, "अहो, मग मी एकटी इथं काय करू?" हाइकेच्या ट्रेलरमागे मंदारची गाडी. तिथं पोचल्यावर मला फेराइनचा रिवाज कळला. खिळे बसवलेले टायर आधी सावकाश फिरवून मुरवावे लागतात, आणि ज्याने खिळे बसवले त्यानेच ही पहिली फेरी मारायची. आपण बसवलेल्यावर आपला विश्वास आहे हे दाखवायला. हाइकेने हे मला महिनोन् महिने सांगितलं नव्हतं. मी तिच्याकडे बघितलं तर ती हेल्मेट पुढे करून उभी.

"लांगझाम," ती म्हणाली. सावकाश. "एकच फेरी."

मी नाहीच म्हणणार होते, पण तेवढ्यात आण्णा माकडटोपीवर हेल्मेट चढवून शेजारच्या सीटवर जाऊन बसले होते. मुरवण्याच्या फेरीला सोबत चालते म्हणे. आता न बसणं शक्य नव्हतं.

बर्फ निळसर, आरपार. गाडी सोडली आणि खिळ्यांचा कर्रर्र आवाज सुरू झाला. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. आणि तिसऱ्या वळणात डाव्या बाजूला चाकाच्या पत्र्यावर काहीतरी ठणकन आपटलं. मग पुन्हा. मग एकापाठोपाठ, लाह्या फुटाव्यात तसं. गाडीचं नाक बाहेरच्या बाजूला, बर्फाच्या बांधाकडे ओढलं जायला लागलं. बांधापलीकडे माणसं उभी होती, त्यांतली एक आई होती, तिची जांभळी शाल मला दिसली.

माझे हात सुटायला लागले. कानांकडेच निघाले होते ते. मला ते स्पष्ट आठवतं, कारण मी माझ्याच हातांकडे परक्याचे असावेत तशी बघत होते. मी कडेने फक्त आण्णांचा उजवा पाय पाहिला. गाडीच्या फरशीत रुतल्यासारखा दाबलेला, आणि मांडी थडथड उडत होती. आण्णा घाबरले होते. माझे आण्णा. त्या क्षणी आणखी घाबरायला माझ्याकडे जागाच उरली नाही. मी शालीवरची नजर उचलली, वळणाच्या आतल्या बाजूला, जिकडं जायचं होतं तिकडं टाकली आणि पाय सगळ्या पेडलांवरून काढून घेतला. गाडी रेंगाळत, कुरकुरत, आत आली. बांध डावीकडून सरकून गेला.

हाइके पळत आली. डावीकडच्या पुढच्या टायरचे मूठभर खिळे गायब होते. तिने टायरवर हात फिरवला, बोटं नाकाशी नेली, आणि माझ्याकडे बघितलं. "कोकोस?" नारळ?

मी आईकडे वळले. आई हसतमुखाने म्हणाली, "मीच लावलं होतं नवमीला. लोखंड आहे, गंजलं असतं ना गं."

चौथा टायर. बाकीचे सुकलेले होते, ह्याचं चिकटद्रव्य अजून ओलं होतं, आणि आईने एकेका खिळ्याच्या बुडाशी प्रेमाने खोबरेल चोळलं होतं. त्या बाटलीतलंच, जे मी कधी पुरतं वापरलं नाही. हाइकेचा चेहरा पांढरा पडला होता. शर्यतीच्या वेगात हे खिळे निसटले असते तर मागच्या गाडीच्या काचेत गेले असते. मला आईला ते सांगायचं नव्हतं, पण आईने आमचे चेहरे वाचले. ती तिथंच बर्फावर बसली. "म्हणजे मी माझ्या हातानं..." आण्णांनी तिला उठवलं.

थर्मासमधला चहा पिताना मी आण्णांना विचारलं, "तुम्ही घाबरला होतात?"

ते माझ्याकडे बघत राहिले, जणू मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं. "रोजच घाबरायचो की," ते म्हणाले. "कुंभार्ली उतरताना रोज. मागं एवढी माणसं बसलेली. कधी गेली नाही भीती."

"मग?"

"मग काय? उतरवायची गाडी."

मला रडू आलं, आणि रागही आला. इतकी वर्षं मला वाटत होतं की त्या घाटात ते निर्धास्त बसतात आणि मी कुणावर गेले कोण जाणे. दुसऱ्याच्या गाडीत दाबला जाणारा तो पाय मी ऐट समजत होते.

हाइकेने ट्रेलरमधून आपले जुने खिळ्यांचे टायर काढले आणि पुढची दोन्ही चाकं बदलली. मग माझ्याकडे हेल्मेट धरलं नाही, नुसतं बोनेटवर ठेवलं. खिळे तिने बसवलेले होते, रिवाजाने फेरी तिची होती. मी हेल्मेट उचललं. आण्णा म्हणाले, "मी नाही बसत आता. माझ्याच्यानं होणार नाही." मी एकटीच गेले. सबंध फेरीभर दात वाजत होते, तिसऱ्या वळणात तर मी मोठ्यांदा आण्णांना हाका मारत होते. पण हात स्टिअरिंगवर होते. हाइके शर्यतीत शेवटून दुसरी आली. परतताना आई गाडीत माझा हात धरून बसली आणि घरी पोचेपर्यंत तिने तो सोडला नाही.

फेब्रुवारीत मी सही केली. भीती गेली म्हणून नाही, ती आजही आहे. ती गेल्याशिवाय इथं राहता येणार नाही, असं जे मी धरून बसले होते, ते तेवढं सुटलं.

आता आई नाही. खोबरेलाची बाटली अजूनही आमच्या न्हाणीघरात असते, आणि हाइके निवृत्त होताना तिने माझ्याकडून एक मागून नेली. माझी लेक इरा इथंच जन्मली. मी मराठीत बोलते, ती जर्मनमध्ये उत्तर देते. गेल्या हिवाळ्यात तिला लायसन्स मिळालं. पहिल्याच आठवड्यात शेजारी बसले तर माझा उजवा पाय फरशीत रुतलेला. तिने तो पाहिला आणि हसली, "मामा, तिथं ब्रेक नाहीये." इथं आईला मामा म्हणतात, बाकीचं एवढं मात्र मराठीत.

परवा ती एकटी निघाली, मैत्रिणीकडे, गावाबाहेर. रस्ता चमकत होता. "पोचलीस की फोन कर," मी म्हटलं. "या, या, गेनाऊ," म्हणजे हो हो, नक्की, असं म्हणत ती गेली. मी खिडकीशी उभी राहिले आणि कराडला आण्णांना फोन लावला. हल्ली त्यांना ऐकू कमी येतं, पण हे त्यांनी लगेच ऐकलं. "एकटी गेली?" "हो." "बर्फ आहे?" "आहे."

पुढं आम्ही दोघंही काही बोललो नाही आणि फोनही ठेवला नाही. घर कुठलं, असं मला लोक अजून विचारतात, कराड की वोल्फ्सबुर्ग. त्या शांततेत मला वाटलं, ज्या ज्या फरशीवर आपल्यापायी कुणाचा तरी पाय दाबलेला असतो, ती सगळी आपली घरं.

मग कानाशीच मोबाईल वाजला. इराचा एका शब्दाचा मेसेज, दा. म्हणजे, आले.

"आण्णा, पोचली," मी सांगितलं.

तिकडून आधी नुसता त्यांचा श्वास ऐकू आला. मग ते म्हणाले, "बरं. आता तूही खिडकीतनं हो बाजूला."