फक्त उज्जैनलाच बंद पडणारं मशीन

आता काय सांगू, माझ्या अकलेचे दिवे कुठे कुठे लागले! एरवी बाईची फजिती घरात राहते, फार तर शेजारी जाते. माझी समुद्रापार गेली.

आमचे हे कॉलेजात कंप्यूटर लॅबमध्ये आहेत. घरी आणखी एक उद्योग करतात. मी विचारलं, "नेमकं करता काय?"

म्हणाले, "मंदिराबाहेर जोडेवाला असतो ना? इतके जोडे, पण टोकन दाखवलं की आपलाच जोड झटकन काढून देतो. कंप्यूटरलाही आपलं सामान असं लावायच्या रीती लागतात. एका परदेशी साहेबांनी त्या लिहून ठेवल्यात, त्याला लायब्ररी म्हणतात. ती मी आमच्या सिस्टमसाठी, म्हणजे जगभरची माणसं मिळून कंप्यूटर चालवायला जी बनवतात तिच्यासाठी, बांधून देतोय. म्हणजे कुणालाही एका हुकमात बसवता येईल."

हे सगळं फुकट बरं का! पण इंदूरच्या एका कंपनीनं सांगितलं होतं, महिनाअखेरपर्यंत हे काम सिस्टममध्ये गेलं तर घरबसल्या नोकरी. नाही तर यांना बंगळूर गाठावं लागणार, आणि मी, सासूबाई आणि तान्हा ओम इथे.

त्यात ओमला सर्दी. डॉक्टर म्हणाले, ओलं कापड अंगाला लागू देऊ नका. झालं! मी घडीघडी दुपटं बदलणार. आणि उज्जैनची ठंडी. आमच्या गॅलरीत ऊन औषधालाही नाही. वाळवायचं कुठे?

हे सकाळी कंप्यूटरचं मशीन चालू करून कॉलेजात जायचे. ते दिवसभर लायब्ररी बांधायचं आणि तपासायचं. मागच्या जाळीतून अशी गरम हवा फेकायचं! फुकट चाललेली हवा हो. मी दोन दुपटी जाळीवर टाकली. थोड्या वेळात कडक! मग काय, लंगोट, झबली, मोजे, कानटोपी...

संध्याकाळी हे आले तर मशीन बंद. काम अर्धवट.

"लाईट गेली होती का?"

"नाही हो."

"कुणी हात लावला?"

"कोण लावणार?" मी खरंच बटणाला हात लावला नव्हता. दुपटी तर केव्हाच घडी होऊन कपाटात!

रविवारी हे मशीनपुढे ठाण मांडून बसले, म्हणून मी दुपटी इस्त्रीनं वाळवली. मशीन अगदी सुरळीत. सोमवारी पुन्हा बंद!

यांनी साहेबांना कळवलं, मी समोर असलो की चालतं, गेलो की बंद पडतं. साहेब बिचारे सज्जन. म्हणाले, चूक माझ्याच लिहिण्यात असेल. सगळं उलटंपालटं करून पाहिलं. आणखी कुठकुठल्या देशांतली माणसं शोधायला बसली. कुणाकडेच बंद पडेना. फक्त उज्जैनला!

सासूबाई म्हणाल्या, "नजर लागलीय." मी मशीनवरून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. आणि त्याच हातानं मागे दुपटी घातली.

शेवटी साहेब म्हणाले, चालू मशीन मला दाखवा. हे अर्धी सुट्टी घेऊन दुपारीच घरी. मोबाईलवर साहेबांचा चेहरा! मी घाईघाईनं गाऊनवर ओढणी घेतली. हे मोबाईल फिरवत मशीनच्या मागे गेले आणि तिथेच थांबले.

"अगं, हे काय?"

"ओमची दुपटी."

"इथे?"

"मग कुठे? बघा तरी, काय मस्त वाळतात! आणि मशीनलाही तेवढंच पांघरूण."

"अगं बाई, तू त्याचा श्वास कोंडलास! तापून तापून बंद पडत होतं ते!"

"मग आधी सांगायचं ना!"

"काय सांगायचं? यावर लंगोट वाळत घालू नकोस, असं? हे कुणाच्या डोक्यात येणार?"

साहेबांनी काहीतरी विचारलं. यांनी इंग्रजीत सांगितलं. मग साहेब असे हसले, असे हसले, की मोबाईलमधून दिसेनासेच झाले!

मला मात्र रडू फुटलं. यांना बंगळूरला धाडायला मीच निघाले होते की!

दुपटी निघाली आणि काम मुदतीत सिस्टममध्ये गेलं. इंदूरवाल्यांचाही होकार आला. साहेबांनी लायब्ररीच्या सूचनांमध्ये एक ओळ वाढवली, ती हे मला मुद्दाम मोठ्यानं वाचून दाखवतात: 'काम चालू असताना मशीनवर ओले कपडे वाळत घालू नयेत.'

"अहो, माझं नाव नाही ना घातलं?"

"नाही गं."

जिवात जीव आला. मग मी हळूच विचारलं, "त्यात 'ओले' असंच लिहिलंय ना? मग नुसते दमट चालतील?"