कोंडा देऊन परत न आणलेलं पोर

अन्याय झाला तो सात वर्षांच्या एका मुलावर. कधी, तेही सांगतो. मासी मघाच्या, म्हणजे माघातल्या मोठ्या पर्वणीच्या स्नानाच्या आदल्या दिवशी, सकाळी, कुंभकोणमच्या ठाण्यात, माझ्या टेबलासमोर. मोठी माणसं त्याला घेरून उभी होती आणि एकच विचारत होती, "सांग, तुझी आई कोण?"

मी तेव्हा त्या ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. पुढे सरकारचा पट्टा तरुणपणीच उतरवून ठेवला आणि पत्रकं लिहू लागलो. त्यामुळे मला कोणी 'निवृत्त अधिकारी' म्हटलं की मित्र हसतात. हसोत. यात कोणाचं नाव लिहिणार नाही, पण गोष्ट झाकणारही नाही.

स्नानासाठी गाव भरलं होतं. अशा दिवसांत आमचं अर्धं ठाणं स्नानाच्या तळ्यावर असतं आणि अर्धं हरवलेली पोरं सांभाळतं. एक जटकेवाला टांग्याचा घोडा दामटत थेट व्हरांड्यापर्यंत आला. मागे एक बाई, तिच्या मिठीत हातपाय झाडणारा मुलगा.

"सामी, पोर चोरणारी आणली आहे," तो तमिळमध्ये म्हणाला. "तळ्याच्या पायरीवरून ओढत आणलं. पोर ओरडतंय, ही माझी अम्मा नव्हे. मला म्हणते, माझ्या गावी इन्नंबूरला चल. मी म्हटलं, बस की! आणि घोडा इकडे वळवला."

पोर चोरणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. त्या पळतात, शपथा घालतात, अंगावर येतात. ही शांतपणे बाकावर बसली आणि त्या मुलाच्या पायाची रेती पदरानं पुसू लागली. तो लाथ मारत होता, ती पुसत होती. मी जबाब घ्यायला बसलो. ती तमिळमध्ये बोलत होती, पण रडणाऱ्या पोराला मध्येच आमच्या तंजावरी मराठीत म्हणाली, "उगा रे, उगा." मग मीही मराठीत विचारलं, "कोण्या गावची गे तू, ताई?"

तिचा बांध तिथंच फुटला. "मी चोर नव्हे, दादा. मीच व्याले याला."

एवढ्यात दुसरी बाई धावत आली. रेशमी लुगडं, मागे समुद्रापलीकडे पेनांगच्या रबराच्या मळ्यात कारकुनी करणारा नवरा. मुलगा "अम्मा!" म्हणून तिच्या कमरेला बिलगला. ही पहिलीची नणंद.

"माझा मुलगा आहे," ती म्हणाली. "हिला कोठडीत घाला."

"तुमच्याच पोटचा?"

"माझाच." नवरा मात्र छताकडे पाहत होता. खोटं बोलणाऱ्यापेक्षा त्याच्या शेजारी उभं राहणाऱ्याकडे पाहावं, हे मी ठाण्यात शिकलो.

माझे वरिष्ठ त्या दिवशी बंदोबस्ताला आले होते. त्यांना घाई. "पोरालाच विचारा आणि मिटवा," म्हणाले. आणि सुरू झालं. हवालदार विचारतो, नणंदेचा नवरा विचारतो, दोघी बाया विचारतात. सांग ना राजा, कोणाचा तू? मुलगा एकदा इकडे, एकदा तिकडे बघून टेबलाखाली शिरला, माझ्या बुटाला धरून बसला आणि म्हणाला, "मी पोलिसाचा."

हवालदार हसला. मी सर्वांना बाहेर काढलं. वरिष्ठांनाही. हो, त्यांनाही.

मग मी खाली फरशीवर बसलो. कॉफी मागवली, दूध जास्त घालून. तो तिला 'कोपी' म्हणे. पेला तोंडाला लावून त्यानं मान मागे टाकली तेव्हा दिसलं : उजवी नाकपुडी टोचलेली.

"हे काय रे?"

"खेकड्यानं चावलं. पेनांगच्या समुद्रात. अम्मा म्हणते."

खेकडा! आमच्या तंजावरी घरांत मुलाचं नाक कधी टोचतात ते मला ठाऊक होतं. माझ्या थोरल्या काकांचं तसंच होतं. आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्या मुलाचं नाक टोचतात, त्याला सुपात ठेवून नणंदेच्या ओटीत देतात, आणि आईनं मूठभर कोंडा देऊन त्याला विकत घ्यायचं. म्हणजे मृत्यूला वाटावं, हे पोर कोंड्याच्या मोलाचं, कशाला न्या.

मी नणंदेला आत बोलावलं. "सूप कोणी धरलं होतं?"

तिनं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "मीच."

सगळं उलगडलं. साधारणपणे कोंडा त्याच दिवशी देतात. या घरात सासूबाईंनी अक्कल चालवली : दोन गेलीत, धोका टळेपर्यंत पोर परत घेऊ नका, दुधाचे दात पडू देत. तेवढ्यात जावयाला पेनांगची नोकरी लागली आणि नणंद मुलाला घेऊन नागपट्टणमहून बोटीत बसली. सासूबाई वारल्या. इथली आई दातांची वाट पाहत राहिली. तिथली आई म्हणत राहिली, कोंडा घेऊन कोणी आलं नाही, म्हणजे मुलगा माझा. यंदा नणंद मुलाला घेऊन स्नानाला आली. त्या सकाळी तळ्यावर आईनं तिला ओळखलं, जवळचा मुलगा हसला आणि पुढचे दोन दात नव्हते. आईनं हात धरला आणि निघाली. बस्स.

मोठ्यांपैकी एकानंही मुलाला यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. माझा संताप आहे तो यावर.

मी दोघींना समोरासमोर बसवलं. आई म्हणाली, "वन्सं, कोंडा आणायला मज वेळ झाला."

"वेळ? बोलायला तोंड नव्हतं काय तुज?" नणंद उसळली. "दरवर्षी बोट येते तिथं. मी धक्क्यावर जाऊन बघत होते. येऊ नको म्हणून नवस करीत होते, आणि आली नाहीस म्हणून तुज शिव्याही देत होते."

बाहेर जटकेवाला दाराला कान लावून होता. त्यानं काही न बोलता घोड्याच्या तोबऱ्यातून ओंजळभर कोंडा आणून आईपुढे केला. नणंद मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं हात पसरायला फार वेळ घेतला. आम्ही कोणी घाई केली नाही. शेवटी पसरला.

मुलगा म्हणाला, "अम्मा, मला घोड्याच्या खाऊला विकलंस?"

दोघी एकदमच हसल्या, एकदमच रडल्या. मग आई म्हणाली, "तूही चल, वन्सं. यास निजवायचं कसं ते मज कुठं ठाऊक?" नवरा एकटाच बोटीनं गेला. नणंद भाताची कापणी होईपर्यंत इन्नंबूरला राहिली आणि त्या मुलानं दोघींना अम्माच म्हटलं. एकदा ठाण्यावरून जाताना तो मला ओरडून म्हणाला, "मी आता पोलिसाचा नाही!" इतकी चांगली बातमी मला नोकरीत दुसरी मिळाली नाही.

या प्रकरणात चोर नव्हता. प्रेम भरपूर होतं, आणि त्या प्रेमानंच पोराला टेबलाखाली घातलं. कारण प्रत्येकाला वाटलं, आधी दुसऱ्यानं बोलावं.

आता तुम्ही. तुमचं मूल रंगूनला, कोलंबोला, पेनांगला आत्याकडे, मावशीकडे असेल, तर 'घरच्यांकडेच तर आहे' हे म्हणणं बंद करा. दुसऱ्याचं मूल तुमच्या मांडीवर वाढत असेल, तर खेकड्याची गोष्ट सांगणं बंद करा. त्याला आज सांगा, तू कोणाचा, कसा आलास, आणि दोन्हीकडे तू हवा आहेस. त्याला निवडायला लावू नका. कोंडा तुमच्या घरात आहे. उठा, ओंजळ भरा आणि निघा.