उजव्या कानातलं खाकरणं

भुताखेतांचे किस्से मी कधी शेवटपर्यंत ऐकूनही घेतले नाहीत. आवाजाचं काम करतो, प्रत्येक आवाजाला काहीतरी कारण असतं हे ठाऊक आहे. त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतोय... आणि किळस तर अजूनही येते.

मी भिवंडीत राहतो, हळदीच्या कार्यक्रमांत कीबोर्ड वाजवतो. शिवाय खऱ्या वाद्याचा एकेक सूर रेकॉर्ड करून तो कीबोर्डमध्ये भरून देतो. जवळच्याच वडपे गावातल्या माझ्या मित्राचे, नितीनचे वडील भजनी बुवा होते. ते गेले, आणि त्यांच्या पेटीला वाळवी लागली.

"निदान आवाज तरी राहू दे," नितीन म्हणाला. "वर्षश्राद्धाच्या भजनात बाबांचीच पेटी वाजली पाहिजे."

शुक्रवारी आजूबाजूचे पॉवरलूम बंद, गल्ली शांत. त्या दिवशी पेटी घरी आणून रेकॉर्डिंग केलं. दोन माईक — डावा पट्ट्यांपाशी, उजवा भात्यापाशी. नंतर ऐकताना कळलं, काही सुरांचे चॅनेल उलटे पडलेत. नेहमीची चूक. डावं-उजवं अदलाबदल केली की संपलं.

पण उजव्या कानात, सूर विरताना, काहीतरी होतं. घशात कफ घोळवल्यासारखं. मग खाकरणं, आणि थुंकल्याचा जाड, ओला आवाज.

चॅनेल बदलल्यावर तो डावीकडे जायला हवा होता. गेला नाही. उजवा चॅनेल पुसून डावाच दोन्हीकडे टाकला — आता दोन्ही कानांत एकच आवाज यायला हवा. तरी उजवीकडे तेच. हेडफोन उलटा घातला... तरी उजव्याच कानात!

बायकोला काही न सांगता हेडफोन दिला. तिने तो लगेच काढून ठेवला.

"शी... कोण खाकरतंय हे?" त्या दुपारी ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन वडप्याला गेलो. नितीन ड्युटीवर होता, घरी त्याची आई. काकूंनी हेडफोन लावला, थोडं ऐकलं आणि पदर तोंडावर धरला.

"ह्यांचाच हाय," त्या म्हणाल्या. "पेटीवर बसले का उजव्या बाजूला डबा लागायचा त्यांना. तंबाखूचा थुंका नि कफ. रोज मीच धुवायची. जेवान जायचं न्हाय मला." हेडफोन माझ्याकडे सरकवत म्हणाल्या, "पुसून टाक पोरा. समदंच."

"पण काकू, नितीनला पेटीचा आवाज हवाय..."

"नितीनला मी सांगन. त्यानं कवा डबा धुतला न्हाय."

शेवटचं एकदा हेडफोन लावून तो आवाज अजून आहे याची मी खात्री केली, आणि त्यांच्यासमोरच सगळे सूर डिलीट केले. हेडफोन काढला तर कानाला चिकट काहीतरी लागलं. उजव्या बाजूचा स्पंज ओला होता. पिवळट, तार सुटणारं... तंबाखूचा वास मारत होतं. मी तंबाखू खात नाही. घरात तिसरं कुणी नव्हतं.

मला ओकारी आली, मी दाराबाहेर पळालो. परत आलो तेव्हा काकू मोरीत बसल्या होत्या. त्यांनी तो हेडफोन नळाखाली धरला होता, मान दुसरीकडे फिरवून, राखेने घासत.

हेडफोन मी तिथेच सोडून आलो. वर्षश्राद्धाला पेटीशिवाय भजन झालं. स्पंजवर ते कुठून आलं, मला आजही सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला कारण सुचत असेल तर जरूर सांगा... फक्त मी जेवत असताना नको.