एका घरात असं झालं

श्रद्धाचा वर्ग रविवारी सकाळी विहारात वंदना झाली की भरायचा. विषय होता घरखर्च. चिखलीतल्या ज्या गल्लीत ती लहानाची मोठी झाली, त्याच गल्लीतली दहा-बारा कुटुंबं प्लास्टिकच्या खुर्च्या ओढून बसायची आणि हातात आलेला पगार जातो कुठे, हे श्रद्धा त्यांना फळ्यावर दाखवायची. तसं ते प्रत्येकाला माहीतच होतं. फक्त नवऱ्याच्या आणि बायकोच्या माहितीत फरक असायचा, आणि वर्गाला गर्दी व्हायची ती या फरकापायी.

श्रद्धा चाकणच्या एका कंपनीत पगार विभागात होती. तिशी आली तरी लग्न नाही, हा गल्लीचा विषय होता, तिचा नव्हता. पगार होऊन आठवडा झाला नाही तोवर माणसं तिच्या टेबलाशी येऊन ॲडव्हान्सची चौकशी करायची. पाच वर्षं हे बघून तिचं डोकं फिरलं. डोकं फिरलं की इतर लोक भांडतात, श्रद्धाने वर्ग काढला. तिचा स्वभावच तसा, चूक दिसली की तिला फळा आठवतो.

पहिल्याच रविवारी मोनिका उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, आमच्या ह्यांनी जुना फोन चांगला चालत असताना नवा घेतला. हप्त्यावर." ह्यांनी, म्हणजे नवनाथने, बसल्या जागेवरून विचारलं, "आणि तू भिशीत दोन-दोन नंबर लावलेस, ते नाही सांगत?" उरलेला तास त्यांच्या भांडणात गेला. बाकीच्या कुटुंबांनी नंतर सांगितलं, की आजच्या वर्गात फार शिकायला मिळालं.

पुढच्या रविवारी श्रद्धाने नियम केला. 'आमच्या घरी' म्हणायचं नाही, 'एका घरात' म्हणायचं. नाव घ्यायचं नाही, बोट दाखवायचं नाही.

नियम झकास चालला. मोनिका उठून म्हणायची, "एका घरात नवऱ्याने धडधडत्या बाईकला आणखी धडधडणारा सायलेन्सर बसवला," की अख्खा वर्ग नवनाथकडे न बघता वर पंख्याकडे बघायचा. नवनाथही पंख्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "चुकलंच त्या माणसाचं." घरी एवढं कबूल करायला त्याला जन्म पुरला नसता. चिमाबाई तेवढ्या पंख्याच्या भानगडीत पडायच्या नाहीत. त्या गल्लीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या. घरात त्या एकट्या, त्यामुळे त्यांच्या खर्चावर भांडायला कोणी नव्हतं, तरी एक रविवार चुकवायच्या नाहीत. "मला काय शिकायचंय आता," त्या म्हणायच्या, "पर लोकांच्या घरचं कळतंय."

फळ्यावर दोन रकाने असायचे, गरज आणि हौस. ज्याने त्याने आपला खर्च यातल्या एकात टाकायचा. श्रद्धाच्या मते जगातला कुठलाही खर्च या दोन रकान्यांत बसत होता.

तिच्या स्वतःच्या घरात मात्र एक खर्च अडून बसला होता. तिचे वडील भीमराज नुकतेच कंपनीतून रिटायर झाले आणि त्यांचा फंड बँकेत जमा झाला. धाकटा भाऊ सनी चाकणला कॉन्ट्रॅक्टवर होता. सात महिने काम, मग ब्रेक, मग दुसरा ठेकेदार आणि पुन्हा सात महिने. त्याला एक सात सीटर गाडी घेऊन शिफ्टची माणसं ने-आण करायला कंपनीला लावायची होती. भीमराज त्यात सगळा फंड घालायला निघाले होते. श्रद्धाने जेवताना सांगितलं, "पप्पा, फंडाला हात लावायचा नाही," आणि चार कारणं दिली. विचारलं असतं तर आठ दिली असती. भीमराज म्हणाले, "बरं." सनीने आणखी अर्धी भाकरी घेतली. आईने विचारलं, भाजी कशी झालीय. त्या दिवसापासून घरात गाडी हा शब्द कोणी काढला नाही. विषय मिटला, असं श्रद्धाला वाटलं.

पुढच्या रविवारी भीमराज वर्गात आले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. "जय भीम, मॅडम," म्हणाले आणि मागच्या खुर्चीवर जाऊन बसले. श्रद्धाही म्हणाली, "जय भीम, बसा." त्यांचा गुडघा दुखायचा म्हणून सनी त्यांना बाईकवर सोडायचा आणि वर्ग सुटेपर्यंत बाहेर मोबाईल बघत बसायचा. असे तीन रविवार गेले. भीमराज वर्गात एक अक्षर बोलले नाहीत. घरी मात्र चहा थंड झाला, पेपर कुठे ठेवला, हे नेहमीसारखं चालू होतं. आपला वर्ग बघून बापाला अभिमान वाटतोय, अशी श्रद्धाने समजूत करून घेतली आणि ती थोडी सुखावलीही.

चौथ्या रविवारी ते उभे राहिले.

"मॅडम, एका घरात एक बाप आहे."

वर्गाने एकदम पंख्याकडे बघितलं. चिमाबाईंनी सरळ श्रद्धाकडे बघितलं.

"त्याला फंड मिळालाय. त्यातनं पोराला गाडी घेऊन द्यावी असं त्याच्या मनात आहे. मुलगी शिकलेली आहे, ती नको म्हणते."

"मुलगी बरोबर बोलते," श्रद्धा म्हणाली. "त्या पैशावर आईबापाचं म्हातारपण आहे. गाडी ही हौस झाली."

"पोराला पोट भरायचंय, मॅडम."

"नोकरी आहे ना त्याला."

"सात महिने असते."

"मग गरज म्हणू. पण गरज पोराची आणि पैसा बापाचा, असं कसं? पोराने कर्ज काढावं."

"कॉन्ट्रॅक्टवाल्याला बँक दारात उभं करत नाही."

हे श्रद्धाला कोणी सांगायला नको होतं. पगाराचा दाखला मागायला आलेल्या किती कॉन्ट्रॅक्टवाल्यांना तिनेच परत पाठवलं होतं. कोंडीत सापडल्यावर ती चिडली. "मग आहे ते काम करावं," ती म्हणाली. "त्याला शिकायचं नव्हतं, तो शिकला नाही. त्याची भरपाई बापाने का करायची?" हे जरा जोरात बोललं गेलं. मोनिकाने पदर सावरला.

भीमराज खाली बसले नाहीत. "ते सांगायचं राहिलं," ते म्हणाले.

"आठ वर्षांपूर्वी बापाच्या कंपनीला टाळं लागलं होतं. वर्षभर पगार नाही. बायको मेसवर चपात्या लाटायची, तेवढ्यावर भागत नव्हतं. मुलगी एमबीएच्या शेवटच्या वर्षाला. पोरगा बारावी झालेला. त्याचा इंजिनिअरिंगला नंबर लागला. सकाळीच आला, म्हणाला पप्पा, पेढ्याला पैसे द्या. बापाने दिले. पण दोघांतल्या एकाला कामाला लागायलाच पाहिजे होतं. मुलीला सांगू, कॉलेज सोड, असं बापाने ठरवलं होतं. बायकोशी तसं बोलला. ते पोराच्या कानावर गेलं असणार. संध्याकाळी पोरगा म्हणाला, मला शिकण्यात इंटरेस्ट नाही, मी कंपनीत लागतोय. मुलगी घरी यायच्या आत सगळं ठरून गेलं."

त्यांनी पुढच्या खुर्चीच्या पाठीला हात टेकला. "बापाला कळलं होतं, पोरगं खोटं बोलतंय. पण बरं पडत होतं. म्हणून गप बसला."

पंख्याकडे आता कोणी बघत नव्हतं.

सनीला अभ्यासाची आवडच नव्हती, हे श्रद्धाने आठ वर्षं पाहुण्यारावळ्यांत हसत-हसत सांगितलं होतं, त्याच्यासमोरही. तोही हसायचा. तिला लाज वाटली. इतकी वर्षं सांगितलं का नाही म्हणून बापाचा राग आला. आणि आपण कधी विचारलं कसं नाही, याचा त्याहून जास्त राग आला.

"तर मॅडम," भीमराज म्हणाले, "बापाला कळत नाही. कुठल्या रकान्यात लिहायचं?"

श्रद्धा फळ्याकडे वळली. आणखी एक रेघ मारून तिसरा रकाना केला आणि वर लिहिलं, देणं.

"तेच तर," भीमराज म्हणाले. "बापाचं देणं."

"बापाचं नाही," श्रद्धा म्हणाली. "बहिणीचं. बापाचा फंड बँकेत राहील. कर्ज बहिणीच्या नावावर काढायचं, तिची नोकरी पक्की आहे. गाडी चालली तर हप्ता गाडी भरेल. नाही चालली तर बहीण भरेल."

"पण तिला एकदा विचारायला पाहिजे, मॅडम."

"आता काय इचारायचं राह्यलंय," चिमाबाई म्हणाल्या. "बसा खाली, गुडघा दुखतोय तुमचा."

भीमराज बसले. खिशातून रुमाल काढून त्यांनी चष्मा पुसला, मग डोळे पुसले. श्रद्धाने वर्ग तिथेच सोडला आणि फळा न पुसता बाहेर आली.

सनी बाईकवर बसून मोबाईल बघत होता.

"तुझा इंजिनिअरिंगला नंबर लागला होता?" तिने विचारलं.

त्याने मान वर केली. दारातून लंगडत येणाऱ्या बापाकडे बघितलं.

"कोण बोललं?"

"वर्गात निघालं."

"तुझ्या वर्गात लय जुने विषय काढतात राव," सनी म्हणाला.

"पेढे आणले होतेस?"

"नाही."

"मग त्या पैशाचं काय केलंस?"

सनीने मोबाईल खिशात टाकला आणि बाप बसेल एवढा पुढे सरकला.

"पप्पांच्या बाईकमध्ये पेट्रोल टाकलं," तो म्हणाला. "दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला चाकणला जायचं होतं."