डाव्या टाचेची खूण

खाणवाल्यांच्या गावातल्या जुन्या इस्पितळाची दारं त्या दिवशी सगळ्यांना उघडी होती. तीनशे वर्षं झाली म्हणून बँड होता, बिशप होते आणि अंगणात आपी नावाचं मक्याचं कढत पेय फुकट. एउलालियाने पेला घेतला, पण घोट घेतला नाही. फुकट काही मिळालं की तिच्या मनात पाल चुकचुकायचीच. चाळीस वर्षं इथल्या धोबीखान्यात तिने डाग काढले होते. कुठला डाग कुणी लपवलाय, हे ती लांबूनच सांगायची.

आज तिचा संशय थेट मेरीमातेवर होता. प्रार्थनाघरातली ही लाकडी मूर्ती दोन वर्षांपूर्वी डागडुजीला राजधानीत नेली होती, ती आज परत आली होती. नेण्याआधी तिला नेसवायचं काम एउलालियाचं होतं. चादरीचा आडोसा करून बायकांनीच नेसवायचं, पुरुषाची नजर पडू द्यायची नाही, अशी रीत.

"ही आपली नव्हे," ती निकानोराच्या कानाशी लागली. "गाल बघ, कशी टवटवीत!"

निकानोरा तिच्या लेकाची धर्माची आई, धोबीखान्यापासूनची जोडीदारीण. "दोन वर्षं मेणबत्त्यांचा धूर खाल्ला नाही, तर तूसुद्धा टवटवीत होशील."

"हसू नको. खरी विकून खाल्ली मेल्यांनी!"

मोठे डॉक्टर अरान्सिबिया भाषणाला उभे राहिले आणि एउलालियाला राहवेना. "डॉक्टर, ही माता खोटी आहे!"

डॉक्टर रागावले नाहीत, त्यामुळे तिचा संशय आणखीच बळावला. ते म्हणाले, "तुमच्याइतकं तिला कोण ओळखतं, बाई? खूण सांगा."

खूण एकच होती, आणि तोंड उघडण्याआधी एउलालियाने त्या खुणेचा विचार केला नव्हता. तीस वर्षांपूर्वी परकराची चुणी राहिली म्हणून आळसाने तिने मूर्तीच्या अंगावरच कोळशाची इस्त्री फिरवली होती. जळका वास मोठ्या सिस्टरला आला. आळ आला निकानोरावर. तेव्हापासून निकानोराला मूर्तीला हात लावू दिला नव्हता. एउलालिया गप्प बसली होती. आता गप्प बसावं तर माता जाणार. बोलावं तर निकानोरा.

"डावी टाच," ती म्हणाली. "इस्त्रीने भाजलीय."

बायकांनी चादर धरली. आत दोघीच गेल्या. निकानोराने गुडघे टेकले, परकर उचलला. टाच काळी होती. कारागिरांनी तेवढी तशीच ठेवली होती.

"आपलीच गं!" एउलालियाचा जीव भांड्यात पडला. निकानोरा मात्र उठेना. तिचं बोट त्या टाचेवरच होतं.

"इस्त्री होय?" ती हळूच म्हणाली. "मला वाटायचं माझीच मेणबत्ती. मीच खाली ठेवली होती ना त्या दिवशी. तीस वर्षं हिची क्षमा मागतेय मी."

"निकानोरा, मी सांगणार होते गं..."

"कधी?"

एउलालियाला लाजेने मान वर करवेना. बाहेर बँड पुन्हा सुरू झाला. निकानोरा उठली, तिने परकराच्या चुण्या सारख्या केल्या आणि मागे न बघता हात पुढे केला.

"टाचण्या दे इकडे," ती म्हणाली. "आणि तू बाहेर जाऊन चादर धर."

एउलालियाने टाचण्या दिल्या, बाहेर आली आणि चादरीचं टोक हातात घेतलं.